एक माइक, चाळीस खुर्च्या आणि सहा ना-हरकती

पाचपैकी अडीच तारे देतोय. त्यातला अर्धा तारा एका हवालदारसाहेबांचा आहे, त्यामुळे सेवेचे खरे दोनच धरा.

सेवा म्हणजे आमच्या महापालिकेची सार्वजनिक कार्यक्रमाच्या परवानगीची ऑनलाइन ‘एक खिडकी’. मध्यवस्तीतल्या चौकात, बाजारपेठेत, फुटपाथवर चार माणसं जमवून काही करायचं असलं की आता हिच्यातूनच जावं लागतं. शहराचं नाव लिहीत नाही. याच खिडकीत मला पुढच्या महिन्यातही उभं राहायचंय.

माझा साउंडचा धंदा, बावीस वर्षं झाली. परवानगी काढणं हे खरं तर आयोजकाचं काम. पण आयोजक नवा असला की ठरलेलं वाक्य येतं, “दादा, तुम्हाला सगळं माहीत असतं, तुम्हीच बघा ना.” शिवाय कागद नसला तर पोलीस आधी आयोजकाला शोधत बसत नाहीत, मशीन उचलतात. मशीन माझं. म्हणून मी बघतो.

या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे एका जुन्या वाचनालयाचा महिला वाचक गट. मराठी भाषा गौरव दिनाला लागून आलेल्या रविवारी, चौकातल्या पिंपळाखाली कविता वाचायच्या, संध्याकाळी पाच ते सात. चाळीस खुर्च्या, एक माइक, बॅटरीवर चालणारा एक ट्रॉली स्पीकर. मंडप नाही, स्टेज नाही, जनरेटर नाही. मागे सहा बाय तीनचा कापडी फलक. आमच्या धंद्यात एवढ्याला कार्यक्रम म्हणत नाहीत, टेस्टिंग म्हणतात.

पोर्टल उघडलं. मोबाइल नंबर, ओटीपी, इथवर झकास. मग ‘कार्यक्रमाचा प्रकार निवडा’. यादीत मंडप, मिरवणूक, सभा, आंदोलन, चित्रीकरण, प्रदर्शन व विक्री, आणि शेवटी इतर. कविता कुठे बसवायची? मी ‘इतर’ दाबलं. दोन दिवसांनी कळलं की ‘इतर’ची फाइल क्षेत्रीय कार्यालयात राहतच नाही, मुख्य कार्यालयात जाते आणि तिथे ती कुणाच्या टेबलावर ठेवायची हे ठरायलाच वेळ लागतो. बाईंनी (क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीतल्या, स्वभावाने चांगल्या) हळूच सांगितलं, “सभा टाका, लवकर निघेल.” अर्ज मागे घेतला आणि ‘सभा’ टाकून नव्याने भरला. आता प्रमुख वक्ते कोण, पक्ष कोणता, व्यासपीठाची उंची किती, वाहनतळ कुठे, स्वयंसेवक किती. अपेक्षित गर्दीला सगळ्यात लहान पर्याय ‘५०० पेक्षा कमी’. म्हणजे आमच्या चाळीस खुर्च्या आणि चारशे नव्याण्णव माणसांची जाहीर सभा, पोर्टलला दोन्ही सारखंच.

माझं सगळं रडगाणं इथेच आहे, बाकी सगळा तपशील. नियम वाईट नाहीत. काही तर फार शहाणे आहेत. पण अर्जाला आकार कळत नाही. पन्नास फुटी मंडप टाकणाऱ्या मंडळाकडे यासाठी कार्यकर्ते असतात, फाइल घेऊन फिरणारा एक मुरलेला माणूस असतो. वाचनालयातल्या काकूंकडे कोण आहे? साउंडवाला.

नकाशाचं सांगतो. ‘स्थळदर्शक नकाशा, मापासह, पीडीएफ, दोन एमबीच्या आत.’ मी टेप घेऊन सकाळी सहाला चौकात गेलो, पोराला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. फुटपाथ पिंपळापाशी साडेतीन मीटर रुंद. पादचाऱ्यांना किमान १.८ मीटर मोकळी वाट ठेवावी असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, मार्गदर्शिकेत आहे, आणि महापालिकेच्या अटींमध्येही तेवढीच मागितली होती. खुर्च्यांच्या दोन रांगा कट्ट्याला चिकटून लावल्या तर वाट उरते, तीन लावल्या तर नाही. म्हणून वीस-वीसच्या दोन लांब रांगा. हा नियम मला मनापासून पटला. आमच्यासारखे लोक फुटपाथ अडवतात, मग म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरून बसच्या शेजारून जावं लागतं, हे मी स्वतः शंभर वेळा पाहिलंय. दोन-चार वेळा त्याला कारणही मीच होतो.

ना-हरकती सहा: स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक पोलीस, अग्निशमन, उद्यान, अतिक्रमण आणि आकाशचिन्ह. आकाशचिन्ह विभाग हे नाव ऐकून काकूंना वाटलं चंद्र-सूर्याचं काही आहे. फलकांचं खातं ते. आमच्या सहा बाय तीनच्या कापडाला त्यांची परवानगी आणि फी. तिथल्या साहेबांनी १९९५ च्या मालमत्ता विरूपणाच्या कायद्याचा हवाला दिला. मी म्हटलं, साहेब, भिंतीला नाही, खांबाला नाही, दोन स्टँडवर दोन तास उभा राहणार आहे. ते म्हणाले, “फलक तो फलकच.” भरले पैसे. साहेबांच्या ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघितलं तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे तीन फ्लेक्स दिसत होते. मी काही बोललो नाही, त्यांनी मात्र पडदा ओढला.

अग्निशमनवाल्यांनी आग विझवायचा सिलिंडर आहे का विचारलं. माझ्या टेम्पोत कायम असतो. दोन मिनिटांत सही.

उद्यान विभागाची अट होती की झाडाला खिळा, दोरी, वायर, लाइट काही लावायचं नाही. मान्य. शहरी झाडांसाठी १९७५ पासून वेगळा कायदा आहे आपल्याकडे. धंद्याच्या सुरुवातीला मी याच पिंपळाला दोन भोंगे बांधले होते, तारेने. त्या तारेचा वळ अजून खोडावर आहे. मला दिसतो, बाकी कुणाला दिसत नसावा.

आता पोलीस ठाणं. लाउडस्पीकरचा परवाना इथला. ठाणे अंमलदारांनी पहिलं वाक्य टाकलं, “सदतीस चालू आहे.” हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७, त्याचे पोटकलम एक आणि तीन, म्हणजे जमावबंदी वगैरे. पंधरा दिवसांच्या वर हा आदेश लांबवायचा तर सरकारची मंजुरी लागते, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघत राहतात. नवीन माणूस ऐकून घाबरतो आणि घरी जातो. घरी जायचं नसतं. परवानगी घेऊन कार्यक्रम करता येतो, हेच त्याचं उत्तर असतं.

मग विचारलं, “कविता कुठल्या आहेत? आधी वाचायला आणा.” नाटकाचं मला ठाऊक आहे, त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि पथनाट्यवाल्या पोरांना पोलीस ते प्रमाणपत्र मागतात. कवितेचं नवीन होतं. गटातल्या एक काकू निवृत्त वकील निघाल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की रस्त्यावर सभा घ्यायला परवानगीची अट घालता येते, पण मनाला येईल तशी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा प्रकरणात सांगून ठेवलंय. तेही याच पोलीस कायद्याखालच्या नियमाबद्दल, कारण तेव्हा तो मुंबई पोलीस कायदा म्हणून गुजरातलाही लागू होता. अंमलदार काकूंकडे बघत राहिले. म्हणाले, “बरं, हमीपत्र द्या, आक्षेपार्ह काही वाचणार नाही म्हणून.” काकूंनी जागेवर लिहून दिलं, अक्षर असं की फ्रेम करून लावावं.

क्षेत्रीय कार्यालयाने त्यावर पुन्हा वेगळं प्रतिज्ञापत्र मागितलं, पाचशेच्या स्टँपवर. आधी शंभराचा चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशे झाले. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा, कारण खिडकीवर कुणी आपणहून सांगणार नाही. आम्ही सांगितल्यावर बाईंनी आत जाऊन विचारलं, परत आल्या, “चालेल.” पाचशे वाचले. आमच्या मागे रांगेत उभा असलेला पोरगा स्टँप घेऊन आला होता, त्याचं तोंड बघवत नव्हतं.

आवाजाचा भाग माझ्या धंद्याचा, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. दिवसा, म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, शांतता क्षेत्रात ५०. रात्री सगळीकडे दहाने कमी, फक्त औद्योगिक भागात पंचाहत्तरचे सत्तर. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा बंद, सरकारने वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट द्यायची. हे लोकांना साधारण माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. सार्वजनिक जागेत लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलपर्यंत जास्त चालतो किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. आमचा चौक व्यापारी. पासष्ट अधिक दहा, पंचाहत्तर. परवानगीच्या मसुद्यात मात्र सरळ ‘६५ च्या आत’ छापलेलं. मी नियम दाखवला. उत्तर आलं, “सिस्टीममध्ये तेच येतं.”

शिवाय एका टेबलावर कुणीतरी ‘शांतता क्षेत्र’ असा शेरा मारलेला, जवळ हॉस्पिटल आहे म्हणून. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर. पुन्हा टेप, पुन्हा पोरगा. हॉस्पिटलच्या कंपाउंडपासून पिंपळापर्यंत एकशे एकतीस मीटर. शेरा खोडला गेला, पण त्या खोडलेल्या शेऱ्यावर सही लागते, आणि सही करणारे साहेब तीन दिवस प्रशिक्षणाला.

कार्यालयातल्या फलकावर या सेवेची मुदत सात दिवस लिहिली आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड होऊ शकतो, अपील करता येतं. सगळं खरं. पण कार्यक्रम रविवारी आहे आणि अपील सोमवारी करून काय मिळणार? लग्नाचा बँड वरात गेल्यावर आला तर त्याला दंड करून नवऱ्या मुलाचं काय भलं होतं?

परवानगी आली शनिवारी संध्याकाळी सात चाळीसला, एसएमएसने. सतरावा दिवस. उघडून बघतो तर तारीख बरोबर, वेळ बरोबर, जागा ‘चौकाच्या पूर्वेस’. पिंपळ पश्चिमेला आहे. मी काढलेल्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण होता, कदाचित कुणीतरी कागद उलटा धरला असेल. हेल्पलाइन शनिवारी बंद.

रविवारी चारला आम्ही खुर्च्या पूर्वेला लावल्या, एटीएमच्या समोर. कागद म्हणतो ते खरं. पाचचं ऊन थेट वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत. पहिल्या काकू कागद धरून उभ्या राहिल्या, अक्षर दिसेना, पदर कपाळावर ओढून वाचायला लागल्या. तेवढ्यात बंदोबस्ताचे हवालदारसाहेब आले. त्यांनी परवानगी वाचली, पिंपळाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. “तिकडे सावली सोडून इकडे का?” मी कागदावर बोट ठेवलं. ते म्हणाले, “वाहतूक तर दोन्हीकडे अडत नाही. जा तिकडे. मी नोंद करतो.” चाळीस बायका आपापली खुर्ची उचलून सिग्नलला रस्ता ओलांडताना बघायला मजा आली. रिक्षावाल्यांनी हॉर्न दाबले, बसवाल्याने थांबून जाऊ दिलं.

पिंपळाखालच्या कोपऱ्यावर एक फुलवाल्या मावशी बसतात. परवानगीच्या अटीत ‘आयोजकाने परिसर मोकळा करून घ्यावा’ असं होतं, आणि आमच्यातल्या एका उत्साही बाईंनी त्यांना टोपली हलवायला सांगितलं. मावशींनी टोपलीखालून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालचं, महापालिकेनेच दिलेलं. त्या कायद्यात विक्रेत्याला हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते, आणि हे ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सभासद विक्रेतेच असावे लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. मावशींना हे कलमांसकट माहीत नव्हतं, पण कागद कधी काढायचा हे बरोबर माहीत होतं. एकाच महापालिकेचे दोन कागद समोरासमोर. आम्ही शेवटच्या दोन खुर्च्या सरकवल्या. मावशी पुढचे दोन तास जागच्या हलल्या नाहीत आणि एका कवितेला सगळ्यांच्या आधी टाळी त्यांनीच दिली.

आता मीटरचं. माझ्याकडे डेसिबल मीटर आहे, मोबाइलमधलं ॲप नाही, खरा. हवालदारसाहेबांकडे त्यांचा. कार्यक्रमाआधी फुटपाथच्या कडेला दोघांनी शेजारी शेजारी धरले. माइक बंद, स्पीकर बंद. माझा ७६, त्यांचा ७७. सिग्नल सुटला आणि ८१. म्हणजे आम्ही तोंड उघडायच्या आधीच चौक आमच्या वाट्याचा सगळा आवाज खाऊन बसला होता. ६५ ची अट पाळायची तर आधी शहर बंद करावं लागेल. साहेब हसले आणि मीटर खिशात टाकला.

मग एक आजी वाचायला आल्या. सत्तरीच्या पुढच्या, माइकपासून हातभर लांब उभ्या राहणाऱ्या. माइक तोंडाशी नेला की त्या एक पाऊल मागे सरकायच्या. मी गेन वाढवला, स्पीकरने शिट्टी मारली, पुन्हा कमी केला. मीटर माझ्या हातात होता. आजी वाचत होत्या आणि आकडा हलतच नव्हता. ७६, ७७, ७६. कविता चालू आहे की नाही, मीटरला पत्ताच नाही. तेवढ्यात मागून हवालदारसाहेब आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आवाज वाढवा की जरा, ऐकू येत नाही.”

बावीस वर्षांत पोलिसाने मला आवाज वाढवायला सांगितलेलं हे पहिलंच. वर लिहिलेला अर्धा तारा याचा.

सात वाजता बंद केलं. साडेसातला चौक होता तसा. अनामत परत मिळवायला ‘रस्ता पूर्ववत’ असा दाखला लागतो, कारण मंडपवाले खांबासाठी खड्डे खणतात आणि तसेच सोडून जातात. तो नियमही बरोबरच. आम्ही मात्र खड्डा खणलेला नाही, तरी कनिष्ठ अभियंता येऊन बघून जाणार. आले ते नऊ दिवसांनी. पिंपळासमोर रस्त्यात एक चांगला दीड फुटाचा खड्डा होता, पावसाळ्यापासूनचा. “हा तुमचा?” मी मोबाइल काढला. टेप घेऊन गेलो होतो त्या सकाळी पोराने उगाच फोटो काढले होते, त्यात खड्डा होता, तारखेसकट. अभियंता साहेबांनी फोटो पाठवायला सांगितला, म्हणाले, “बरं झालं, आम्हालाही लागेलच.” खड्डा अजून आहे. तुम्ही कार्यक्रम करणार असाल तर आधीचे फोटो काढाच, चारही बाजूंनी.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका स्वतः लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पायी चालणाऱ्यांना देते. म्हणजे रस्ता माणसांना द्यायचं मनात आलं की जमतं. आमच्या पोर्टलला तेवढं मोठं काही मागत नाही. पन्नास माणसांच्या आत, मंडप नाही, दोन तास, एकच स्पीकर, अशांसाठी एक पानी वेगळा अर्ज आणि एकच सही ठेवा. सहा ना-हरकती मंडपवाल्यांकडून घ्या, खुशाल घ्या. मंडपवाले माझं मोठं गिऱ्हाईक आहेत, तरी सांगतो.

खिडकीतल्या बाईंना पैकीच्या पैकी. पोर्टलला नापास. नियमांच्या पुस्तकाला सत्तर टक्के.

हे सगळं मी पोर्टलवरच्या अभिप्रायाच्या जागेतही लिहायला गेलो होतो. तिथेही आधी कार्यक्रमाचा प्रकार निवडावा लागतो. मी सवयीने ‘इतर’ दाबलं. लगेच एसएमएस आला, आपला अभिप्राय मुख्य कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे.